पुरात बिलं गेली, आता नोटीस आली – दुकानाचे कागद तुम्ही कसे सांभाळता?

बर्डीवाला_भाऊ:
नमस्कार मंडळी. आमचं नागपूरला बर्डीत इलेक्ट्रिकल सामानाचं होलसेलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकान वर, गोडाऊन खाली तळघरात, आणि त्याच गोडाऊनच्या एका कोपऱ्यात लोखंडी रॅकवर सगळी जुनी बिलं, चोपड्या, बँकेचे कागद, मस्टर. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला सांगायची गरज नाही, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, मोरभवन बसस्टँडात बसा पाण्यात उभ्या. मी साडेआठला पोचलो तं तळघराच्या वरच्या तीनच पायऱ्या दिसून राहिल्या होत्या आणि पाण्यावर काय तरंगत होतं तर आमची कोब्रा फाईल, तिच्यावर मार्करनं माझ्याच अक्षरात २०२१-२२.

मोटर लावून पाणी काढायला दोन दिवस गेले. मालाचं जे झालं ते झालं, कागदाचा मात्र लगदा झाला, आम्ही तो फावड्यानं उचलून फेकला. त्यावेळी डोक्यात वायरची बंडलं आणि पंख्यांच्या मोटरी होत्या, बिलांचा विचार कोण करते.

आता दीड वर्षानं जीएसटीची एएसएमटी-१० नोटीस आली, २०२१-२२ च्या आयटीसीबद्दल, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं जे क्रेडिट घेतलं त्याबद्दल. ५२ बिलं मागितली आहेत, ३० दिवसांत उत्तर द्या म्हणतात. कॉम्प्युटर वर होता म्हणून वाचला, पण तो आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर नवीन घेतलाय, जुना डेटा पेनड्राईव्हवर होता आणि पेनड्राईव्ह कुठं आहे ते मुनीमजींनाच माहीत. मुनीमजी २८ वर्षं आमच्याकडे होते, आता मुलाकडे पुण्याला गेलेत.

दोन प्रश्न आहेत. एक, आत्ता काय करू. दुसरा, तुम्ही लोक हे सगळं कसं सांभाळता, खरंखरं सांगा, पुस्तकातलं नको. पावसाळा तोंडावर आहे आणि मला रात्री झोप लागून नाही राहिली.

खतावणी_ताई:
भाऊ आधी घाबरणं बंद करा. एएसएमटी-१० म्हणजे फक्त विचारणा आहे, डिमांड नाही. मी १७ वर्षं अकाउंट लिहिते, इतवारीत आणि गांधीबागेत मिळून नऊ दुकानांचं. हे असं करा. जीएसटी पोर्टलवर जाऊन त्या वर्षाच्या बाराही महिन्यांचं टू-बी, म्हणजे तुमच्या खरेदीचं तिथं तयार होणारं स्टेटमेंट, उतरवा, त्यात पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, टॅक्स सगळं येते. त्यावरून पार्टीवार यादी करा आणि प्रत्येक पार्टीला मेल टाका की बाबा पुरात बिलं गेली, डुप्लिकेट कॉपी सही-शिक्क्यासह पाठवा. मेलच टाका, फोनवर लोक हो हो म्हणतात आणि विसरतात. जी पार्टी दुकान बंद करून गेली तिच्यासाठी बँकेचं स्टेटमेंट, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी जोडा. आणि पुराचा पुरावा लागेल, पंचनाम्याची कॉपी, पोलिसात तक्रार केली असेल तर ती, फोटो.

आता एक नाजूक गोष्ट विचारते, राग नको मानू. भिजून खराब झालेल्या मालाचं आयटीसी उलटवलं होतं का? कलम १७(५)(एच), माल हरवला, चोरी गेला, नष्ट झाला तर त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागते. लोक हे विसरतात आणि मग पुराचा पंचनामा दाखवायला गेले की तोच पंचनामा अंगावर येतो.

बर्डीवाला_भाऊ:
ताई, ते काय असते तेच माहीत नव्हतं. आज सीएला विचारतो. 🙏

गांधीबागेतला_कापडवाला:
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे पण सगळं माळ्यावर सुतळीनं बांधून, देवाच्या भरवशावर.

आर्टिकलशिप_संपत_नाही:
किती वर्षं ठेवायचं यावर लोक खूप गोंधळ घालतात म्हणून लिहितो. जीएसटीत त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायची जी शेवटची तारीख, तिथून ७२ महिने. म्हणजे २०२१-२२ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत होतं, तर त्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. लोक मार्चपासून सहा वर्षं मोजतात आणि पावणेदोन वर्षं.. सॉरी, नऊ महिने आधीच रद्दीत देतात. अपील वगैरे चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, जे नंतर संपेल ते. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. आणि हो, जीएसटीच्या नियम ५७ मध्ये सरळ लिहिलंय की अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं रेकॉर्ड नष्ट झालं तरी वाजवी वेळात माहिती परत उभी करता येईल असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवा. त्यामुळे पुरात गेलं हे कारण खरं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही.

पोर्टलवर सगळं आहेच की म्हणून बसू पण नका. २०२४ मध्ये पोर्टलनं स्वतःच कळवलं होतं की रिटर्नं सात वर्षांपुरतीच दिसतील. वर्ष संपलं की पीडीएफ उतरवून ठेवायचे.

निवृत्त_कारकून:
मी ३१ वर्षं सरकारी हापिसात, त्यातली शेवटची अकरा रेकॉर्ड रूममध्ये. तिथं बदली म्हणजे शिक्षा असं सगळे समजत, मला मात्र तिथंच करमलं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली त्यानंतर आमच्या साहेबांनी आम्हाला पहिल्यांदा विचारलं की तुमच्या खोलीत आग विझवायचं काय आहे. एक वाळूची बादली होती, तिच्यात लोक पान खाऊन थुंकत.

बर्डीवाले भाऊ, तुमचे कागद फावड्यानं फेकले हे वाचून पोटात कालवलं. पुढच्या वेळी, येऊ नये पण आलीच तर, लक्षात ठेवा. भिजलेलं रजिस्टर जागेवर उघडून बघायचं नाही, पानं ओढायची नाही, फाटतात. उचलताना खाली पाट किंवा ट्रे सरकवून उचला, कारण ओल्या कागदाचं वजन दुप्पट होते आणि बाइंडिंग तुटते. उन्हात वाळत घालू नका, पानं वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे कोरा टीपकागद किंवा छपाई नसलेला न्यूजप्रिंट घालून. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात सगळं वाळवणं होत नसेल तर पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये टाका. हसू नका. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, मग महिनाभरानं सवडीनं थोडं थोडं काढून वाळवा. आमच्या ओळखीतल्या एकानं आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये जमिनीचे कागद ठेवले होते, वर केशर पिस्ता खाली खरेदीखत.

बॉलपेननं लिहिलेलं टिकते, शाईचं पसरते. आणि ते थर्मल पेपरचे बिल, पेट्रोल पंपावर मिळते तसं, त्याला तं पुराचीही गरज नाही, नागपूरच्या एका मे महिन्यात कोरं होते. आलं की त्याच दिवशी झेरॉक्स.

खतावणी_ताई:
काका थर्मल बिलाचं अगदी खरं. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, एकानं टिकावं म्हणून केलं होतं, गरम मशीनमधून बिल काळं ठिक्कर होऊन बाहेर आलं.

संत्रा_बर्फी:
राजेहो कूलरबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं. नागपुरात कागदाचा खरा दुश्मन पूर नाही, कूलर आहे. आमच्या ऑफिसात फाईलींचं कपाट बरोबर कूलरच्या झोतात, एप्रिल ते जून रोज दहा तास ओली हवा, कपाटाच्या मागच्या बाजूला हात लावला तर थंड आणि चिकट. दोन वर्षांनी फाईली काढल्या तं पाठीमागून वाळवीनं नकाशा काढलेला. बरं वाळवी पण हुशार, मार्जिन सोडून बरोबर आकडे खाल्ले.

पोट्टा_कॉम्प्युटरवाला:
माझं काम दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायचं, साठ-सत्तर ग्राहक असतील. सगळे म्हणतात बॅकअप आहे. मी विचारतो शेवटचा उघडून कधी पाहिला, तं सगळे भिंतीकडे पाहतात. एका ग्राहकाकडे एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती, रोज आपोआप बॅकअप, एकदम कडक काम. पण ती डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरलाच लावलेली. व्हायरस आला, कॉम्प्युटर लॉक आणि डिस्कही लॉक, दोघांवर पैसे मागणारा तोच निरोप. दुसऱ्या एकाकडे वर्षभर बॅकअप घेऊन राहिले होते, पण फोल्डर चुकलेलं, रिकाम्या कंपनीचा बॅकअप, रोज, इमानदारीनं.

साधं सूत्र आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. दुकानाबाहेर म्हणजे वरच्या मजल्यावर नाही भाऊ, दुसऱ्या वस्तीत. दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुकानात एक घरी, शनिवारी अदलाबदल. तिसरी प्रत क्लाउडवर. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर तो बॅकअप रिस्टोअर करून मागच्या आठवड्यातलं एखादं बिल उघडून बघा. उघडलं तं बॅकअप.

भिजलेला कॉम्प्युटर चालू होतो का बघू म्हणून बटन दाबू नका, डिस्कवर जे शिल्लक असते ते तिथंच मरते. बर्डीवाले भाऊ, एक विचारतो, जुन्या टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, व्हॉल्टचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावलेला होता का? असेल आणि विसरला असेल तर पेनड्राईव्ह सापडून उपयोग नाही, तो पासवर्ड कोणाकडूनच निघत नाही.

बर्डीवाला_भाऊ:
हो, लावलेला होता. मुनीमजींनी. आता मला घाम फुटून राहिला.

निवृत्त_कारकून:
फोन लावा ना जी मुनीमजींना. २८ वर्षं होते म्हणता आणि इथं आम्हाला विचारताय.

बुटीबोरी_एचआर:
बुटीबोरी एमआयडीसीत एका लहान कारखान्यात आहे, चाळीस माणसं. बॅकअपचं सगळ्यांनी लिहिलंय म्हणून माणसांचं लिहिते, कारण आमच्याकडे पाणी शिरलं नाही, आग लागली नाही, फक्त अकाउंटवाल्या मुलीचं लग्न झालं. ती गेली आणि तिच्यासोबत सगळं गेलं. फाईली होत्या, स्कॅनही होते, पण नावं कशी? स्कॅन००१, स्कॅन००२, नवीन फायनल, नवीन फायनल खरं. चार हजार पीडीएफ. आम्ही दोन महिने एकेक उघडून नावं दिली.

तेव्हापासून नियम, आधी वर्ष, मग महिना, मग पार्टी, मग बिल नंबर, आणि हा नियम स्कॅनरवर चिकटवलेला आहे, मराठीत. पहिल्या आठवड्यात नवीन पोरानं सगळी बिलं पुढूनच स्कॅन केली, मागे माल मिळाल्याची सही असते ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक त्याची नव्हती.

ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टर लावून भाषण नाही. नवीन माणूस तीन दिवस जुन्याशेजारी बसतो, चौथ्या दिवशी जुना हाताची घडी घालून बसतो आणि नवीन करतो, जुन्यानं तोंड उघडायचं नाही. हे फार अवघड जाते, जुन्याला. आणि दर तीन महिन्यांनी आम्ही चिठ्ठी काढतो. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक कागद, "ऑगस्टमधलं अमुक पार्टीचं डेबिट नोट", "कंप्रेसरची वॉरंटी", "गेल्या वर्षीच्या जूनचं पीएफचं चलन". ज्याचं ते काम नाही त्यानं काढायची आणि दहा मिनिटांत शोधून दाखवायचं. आमचा शिपाई सगळ्यात फास्ट आहे, कारण गेली आठ वर्षं फाईली ठेवतो तोच.

आणि मृगाच्या आधी एकदा खोटी आपत्ती. समजा पाणी येऊन राहिलं, पंधरा मिनिटं आहेत, काय उचलणार? पहिल्या वर्षी एकानं टीव्ही उचलला, खरंच. आता तीन पेट्यांवर लाल पट्टी मारली आहे, त्या आधी, बाकी गेलं तं गेलं. मेन स्विच कुठं आहे ते सगळ्यांना माहीत पाहिजे आणि पाण्यात उभं राहून त्याला कोणी हात लावायचा नाही हेही, कागदासाठी जीव द्यायचा नाही हे आम्ही प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगतो.

गांधीबागेतला_कापडवाला:
ताई मान्य, पण तुमचे चाळीस लोक आणि एचआर. आम्ही दुकानात पाच जण, त्यातले दोन भाऊ आणि एक बाबूजी. लग्नसराईत जेवायला फुरसत नसते तिथं चिठ्ठ्या काढत बसू का? छोट्या माणसाला हे सगळं सांगणं सोपं आहे.

बुटीबोरी_एचआर:
दादा, बरोबर आहे तुमचं, सगळं नका करू. एकच करा. उद्या सकाळी दुकान उघडताना तुमच्या धाकट्या भावाला सांगा की मागच्या दिवाळीच्या सगळ्यात मोठ्या खरेदीचं बिल काढ, आणि तुम्ही चहा प्यायला जा. परत आल्यावर काय दिसते ते इथं लिहा.

गांधीबागेतला_कापडवाला:
लिहितो. भावानं मला चहाच्या टपरीवर फोन केला, "दादा कपाटाची किल्ली?" किल्ली माझ्या खिशात होती 😐

धंतोलीवाली:
किल्लीचं हेच सगळीकडे. आमच्या नर्सिंग होममध्ये रेकॉर्डच्या खोलीची एकच किल्ली, ती एका सिस्टरकडे आणि सिस्टर नाईटला. आता दुसरी किल्ली काउंटरच्या पाकिटात, सीलबंद, उघडलं तर वहीत नाव-वेळ लिहायची. पासवर्डचंही तसंच, बंद पाकीट, एक डॉक्टरांच्या घरी एक बँक लॉकरमध्ये. आणि फोन नंबरांची यादी मोबाईलमध्ये नको, कागदावर हवी, शटरच्या आतल्या बाजूला. इलेक्ट्रिशियन, विमा एजंट, सीए, कॉम्प्युटरवाला, वीज कंपनी, फायर ब्रिगेड १०१. लाईट गेली, मोबाईल डाऊन, तेव्हा मोबाईलमधली यादी काय चाटायची.

विम्याबद्दल एक. पॉलिसीवर पत्ता कोणता आहे ते आज बघा. दुकानाचा पत्ता आणि माल गोडाऊनमध्ये, असं असलं की सर्वेअर पहिल्या पाच मिनिटांत पेन बंद करतो. फायर पॉलिसीत पूर कव्हर आहे का तेही वाचून बघा, एजंटच्या तोंडावर नको.

खतावणी_ताई:
यात भर. ज्यांची बँकेत सीसी लिमिट, म्हणजे मालावर कॅश क्रेडिटचं कर्ज, आहे ते दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतात ना, त्याची प्रत बँकेत असते. तुमचं सगळं वाहून गेलं तरी पुराच्या आधीच्या महिन्यात किती माल होता हे सांगणारा एक सहीचा कागद तिथं पडून असतो. सर्वेअरला तेच लागते. मात्र लिमिट वाढवायला फुगवून दिला असेल तर तुमचं तुम्ही बघा 😄

बर्डीवाला_भाऊ:
तीन आठवड्यांनी परत आलो, उशिराबद्दल माफी.

मुनीमजींना फोन केला. आधी त्यांनी माझी, बायकोची, दोन्ही पोरांची आणि दुकानातल्या मांजरीची विचारपूस केली. मग म्हणाले पेनड्राईव्ह तुमच्याच घरी आहे की, देवघरात. मला काही समजेना. तं ते दर लक्ष्मीपूजनाला नवीन वहीसोबत आदल्या वर्षाचा पेनड्राईव्ह पाटावर ठेवून हळद-कुंकू लावत आणि पूजा झाली की लाल कापडात बांधून आईकडे देत, हे तिजोरीत ठेवा म्हणून. आईनं तिजोरीत जागा नाही म्हणून देवघराच्या खणात ठेवले. कापूर आणि वातींच्या पुड्याखाली सहा पेनड्राईव्ह निघाले, प्रत्येकावर पांढरी पट्टी, वर्ष लिहिलेलं, दोनवर कुंकू थेट यूएसबीच्या तोंडात. २०२१-२२ चा सुरू झाला. पासवर्ड वडिलांच्या जुन्या स्कूटरचा नंबर होता, आता बदललाय म्हणून सांगतो.

पोट्टा_कॉम्प्युटरवाला:
दुसऱ्या वस्तीत, कॉम्प्युटरपासून सुटा करून, पासवर्डसकट. मुनीमजींना माझा दंडवत. पण पेनड्राईव्हवर वर्षानुवर्षं भरवसा नको, त्या सहाही आजच हार्ड डिस्कवर उतरवा.

बर्डीवाला_भाऊ:
उतरवल्या. पुढचं ऐका. टॅलीत नोंदी मिळाल्या, त्यावरून आणि टू-बीवरून ५२ पैकी ४७ बिलांच्या डुप्लिकेट पार्ट्यांकडून आल्या, मेलच टाकला ताई, बरोबर होतं तुमचं. तिघांची बँक आणि बिल्टी जोडली. उरलेल्या दोन बिलांचा काहीच मागमूस नाही, सीए म्हणाले भांडत बसू नका, त्याचं आयटीसी व्याजासकट डीआरसी-०३ फॉर्मनं स्वतःहून भरून टाकलं. भिजलेल्या मालाचंही भरलं, ते जरा जास्तच लागलं. उत्तर मुदतीच्या चार दिवस आधी गेलं, आता वाट पाहतो.

दुकानात चिठ्ठी पण काढली. सगळ्यात नवीन पोरानं काढली, "फॅनच्या लॉटची वॉरंटी". २३ मिनिटं लागली. त्यातली १५ किल्लीसाठी, कारण किल्ली साळ्याकडे आणि साळा कामठीला माल द्यायला. त्याच संध्याकाळी तीन किल्ल्या बनवल्या.

कागद आता तळघरात नाहीत, दुकानाच्या पोटमाळ्यावर घेतोय, गुरुवारी सुतार येतो. तळघरात फक्त माल, तोही जमिनीपासून उचलून रॅकवर. काका, रॅकची खालची फळी किती वर घेऊ?

निवृत्त_कारकून:
२०२३ च्या पाण्याची खूण भिंतीवर असेल ना, तिच्या हातभर वर. आणि ती खूण पुसू नका, बाजूला तारीख लिहा.

बर्डीवाला_भाऊ:
काका, मागच्या दिवाळीत पुट्टी मारली सगळीकडे.

धंतोलीवाली:
फोटो असेल की.

बर्डीवाला_भाऊ:
जुन्या मोबाईलमध्ये होते. पोरानं एक्सचेंजमध्ये दिला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं रंग दिलेला नाही, त्याचं तळघर आमच्याच लेव्हलला आहे. उद्या टेप घेऊन जातो.